वायरलेस माउसचं चाक अडखळतंय, खाली फिरवलं की पान वर उडतं

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. चार दिवस घरच्या घरी खटपट करून झाली, आता तुम्हालाच विचारते.

माझा वायरलेस माउस आहे, यूएसबीत छोटा रिसीव्हर लावायचा तो प्रकार. एक पेन्सिल सेल लागतो. अडीच वर्षं रोज सात-आठ तास वापरलाय. कर्सर छान चालतो, डावं-उजवं क्लिक चालतं, फक्त मधलं चाक बिघडलंय.

द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउसच्या नोंदी मी ठेवते. दिवसा पिंपळगावला, रात्री इंदिरानगरला घरी लॅपटॉपवर. फेब्रुवारीत आमच्याकडे काय धांदल असते ते इथल्या लोकांना सांगायला नको. एका शीटमध्ये चौदाशे ओळी आहेत: प्लॉट नंबर, वाण, गोडी छाटणीची तारीख, शेवटच्या फवारणीची तारीख, त्यानंतर काढणीपर्यंत गेलेले दिवस. एका ओळीचा आकडा दुसऱ्या ओळीत पडला तर एखाद्या बागायतदाराचा माल अडकू शकतो, म्हणून मी प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालते. आणि नेमकं चाकच दगा देतंय.

पॅकहाउसवर ते अडखळत का होईना, चालतं. घरी त्याच शीटमध्ये अजिबात हलत नाही. ब्राउझरमध्ये खाली फिरवलं की पान दोन-चार ओळी खाली जातं आणि एकदम वर उडतं. नवा सेल टाकला, रिसीव्हर काढून घातला, लॅपटॉप बंद करून चालू केला. काही फरक नाही.

घरचे म्हणतात नवा घे. पण हा माझ्या हाताला बसलाय. आधी मनगट दुखायचं, ते या माउसवर आल्यावर थांबलं. आणि हे मॉडेल आता दुकानात मिळत नाही.

सातपूर_शिफ्ट

ताई, उघडायची घाई करू नका. आधी एवढं करून बघा आणि इथे सांगा.

माउस दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावा. तिथेही चाक असंच वागलं तर दोष माउसमध्ये आहे, विंडोजमध्ये नाही. मग चाक फिरवू नका, नुसतं खाली दाबा. ब्राउझरमध्ये लिंकवर चाक दाबलं की ती नव्या टॅबमध्ये उघडते. उघडली तर दाबायचा स्विच आणि रेडिओ (माउस ते रिसीव्हर ही बिनतारी जोडणी) दोन्ही ठीक आहेत.

आणि मोजा. लांब पान उघडा, चाक एकेक टिचकी करत वीस टिचक्या खाली फिरवा. किती बरोबर गेल्या, किती उलट्या, किती वाया, ते कागदावर लिहा. 'कधी चालतं, कधी नाही' यावरून काहीच कळत नाही. आकडा असला की उद्या फरक पडला का ते सांगता येतं.

विंडोजच्या सेटिंगमध्ये माउसखाली एका वेळी किती ओळी सरकायच्या तो आकडाही बघून घ्या. मूळचा ३ असतो.

निफाडची_थंडी

माझं जानेवारीत असंच झालं होतं. सकाळी चाक मेलेलं, दुपारी जिवंत. आमच्याकडे त्या दिवसांत पहाटे हात बाहेर काढवत नाही, आणि सेल जुना असला की गारठ्यात तो अजून दमतो. सेलच्या खोबणीत बघितलं तर स्प्रिंगवर पांढरी पूड जमली होती. अल्कलाइन सेल गळला की ती येते. कानाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसली, कोरडं केलं, नवा सेल घातला, झालं. तुम्ही सेल बदललाय, पण स्प्रिंग बघितली का?

गोदाकाठ

स्प्रिंग स्वच्छ आहे, आत्ताच टॉर्च लावून बघितली. ओळींचा आकडा ३ आहे. चाक दाबलं की लिंक नव्या टॅबमध्ये उघडते.

वीस टिचक्यांचा हिशेब असा. ब्राउझरमध्ये १२ बरोबर, ५ उलट्या, ३ वाया. यजमानांच्या कॉम्प्युटरवर साधारण तेच. पण घरच्या लॅपटॉपवर त्या एक्सेल शीटमध्ये वीसपैकी शून्य. आणि आत्ता लक्षात आलं, लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटं फिरवली तरी ते शीट हलत नाही. इतके दिवस मी टचपॅड वापरूनच बघितला नव्हता.

हिशेबाची_वही

टचपॅडनंही हलत नाही म्हणजे त्या शीटचा त्रास माउसचा नाहीच. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड एकाच वेळी आलेत आणि एकमेकांत मिसळलेत.

माझा अंदाज फ्रीझ पेन्सवर आहे. वरचे मथळे जागेवर राहावेत म्हणून आपण ते गोठवतो. पण कुणी चुकून पहिल्या ओळीऐवजी तिसाव्या-चाळिसाव्या ओळीखाली गोठवलं, तर तेवढा सगळा भाग पडद्यावर ठाण मांडून बसतो. मोठ्या मॉनिटरवर त्याच्या खाली थोडी जागा उरते, तिथे ओळी सरकताना दिसतात. लहान लॅपटॉपवर गोठवलेला भागच सगळा पडदा खातो. सरकतंय ते पडद्याच्या खाली सरकतंय, म्हणून आपल्याला वाटतं की काही हलतच नाही.

व्ह्यूमध्ये जाऊन अनफ्रीझ पेन्स करा. मग मथळ्याच्या लगेच खालच्या ओळीत, पहिल्या रकान्यात कर्सर ठेवून परत फ्रीझ करा.

गोदाकाठ

अगदी तेच!! वर वाणानुसार बेरजांचा तक्ता आहे, थॉमसन, सोनाका, क्रिमसन असा, आणि कुणीतरी तो अख्खा तक्ता गोठवला होता. एकतीस ओळी. पॅकहाउसवर मोठा मॉनिटर आहे, माझ्या लॅपटॉपवर एका वेळी सव्वीसच ओळी दिसतात. म्हणून तिथे चालायचं आणि घरी नाही. मी चार रात्री 'घरी रिसीव्हरला रेंज मिळत नाही' असं समजून टेबल हलवत होते.

मनापासून आभार. आता राहिलं उलटं उडणं.

रेंजवाला

उलट्या उडीसाठी रिसीव्हरची जागा बदलून बघा. हे माउस २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. यूएसबी ३ ची निळी पोर्ट आणि तिला लावलेली हार्ड डिस्क त्याच पट्ट्यात गोंगाट करतात, इंटेलनं २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलंय. रिसीव्हर हार्ड डिस्कच्या शेजारी असेल तर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा, किंवा हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन माउसजवळ आणा. माझा कर्सर अडकायचा तो असाच सुटला.

तारतंत्री

रेंजवाला म्हणतात ते खरं आहे, पण या केसला लागू नाही. रेडिओत गडबड असती तर कर्सरही अडकला असता, क्लिकही हुकले असते. ताईंचं बाकी सगळं नीट चालतंय. आणि रेडिओचा निरोप हरवतो, तो उलटा होत नाही. खालीचं वर होतंय, तर बिघाड चाकाजवळच आहे.

थोडं सविस्तर लिहितो, कारण हे एकदा समजलं की पुढच्या वेळी अंदाज चुकत नाही. मी अंबडला इलेक्ट्रॉनिक्सच्याच कामात आहे, तिथल्या मशिनांवरचे मोठे एन्कोडर याच तत्त्वावर चालतात.

माउसच्या आत तीन वेगवेगळी खाती आहेत. खालचा प्रकाशाचा सेन्सर कर्सर सांभाळतो. क्लिकसाठी छोटे स्विच असतात, चाक दाबायचा स्विचही त्यातलाच एक. फिरवण्यासाठी मात्र एक स्वतंत्र डबी असते, तिला एन्कोडर म्हणतात. म्हणून एक खातं बंद पडलं तरी बाकीची मजेत चालू राहतात.

चाकाचा आस षटकोनी असतो आणि तो या डबीच्या षटकोनी भोकात बसतो. डबीत एक गोल चकती फिरते, तिच्यावर धातूचे पट्टे असतात, आणि दोन बारीक पत्त्या तिच्यावर घासत राहतात. पट्टा आला की जोडणी, पट्टा गेला की तुटणी. दोन पत्त्या का? एकीनं फक्त 'चाक फिरलं' एवढं कळतं, कुठे फिरलं ते नाही. दोन्ही किंचित मागेपुढे बसवलेल्या असतात. खाली फिरवलं की पहिली आधी जोडली जाते, मग दुसरी. वर फिरवलं की दुसरी आधी. कोण आधी आलं यावरून चिप दिशा ठरवते.

आता एका पत्तीखाली धूळ किंवा वंगणाचा काळा चिकटा आला, तर ती कधी उशिरा जोडली जाते, कधी जोडली-तुटली-जोडली असं थरथरते. चिपला वाटतं दुसरीच आधी आली. झालं, पान वर उडालं. दोन्ही पत्त्या गप्प बसल्या तर टिचकी वाया. तुमच्या ५ उलट्या आणि ३ वाया म्हणजे पत्त्या घाण झाल्यात, किंवा झिजल्यात. घाण असेल तर साफ होईल, झीज असेल तर डबी बदलावी लागेल.

काही माउसमध्ये एन्कोडर प्रकाशाचा असतो. तिथे चाकाच्याच आऱ्यांमधून अदृश्य किरण जातो आणि आरे तो तोडतात. उघडल्यावर चाकाच्या एकाच बाजूला पत्र्यानं मढवलेली चौकोनी डबी दिसली तर घासणारा प्रकार, दोन्ही बाजूंना समोरासमोर छोटे ठोकळे दिसले तर प्रकाशाचा.

मेरी_म्हसरूळ

कोविडच्या वेळचं सॅनिटायझर घरात पडून होतं, त्यात अल्कोहोल असतंच म्हणून मी ते चाकात सोडलं होतं. दोन दिवस बरं चाललं, नंतर चाक चिकट झालं आणि फिरेचना. तेवढं टाळा.

तारतंत्री

बरोबर. सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घालतात, ते उडून जात नाही, मागे राहतं. रॉकेल किंवा शिलाई मशीनचं तेलही नको, तेलावर धूळ बसते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे किंवा ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा. काम सुरू करायच्या आधी सेल काढा. जवळ दिवा-उदबत्ती नको, खिडकी उघडी ठेवा.

कॉलेजरोड

एवढं करण्यापेक्षा नवा घ्या ना. साधा माउस पाचशेच्या आत येतो, सीझनमध्ये वेळ महत्त्वाचा.

गोदाकाठ

दादा, वेळेचं पटतं, म्हणून कामापुरता एक साधा माउस आणलाय. पण दहा मिनिटांत मनगट बोलायला लागतं. आणि अडीच वर्षं साथ दिलेली वस्तू एका डबीपायी घंटागाडीत टाकायची, ते जिवावर येतं.

सेतूवाला

तोवर चाकाशिवाय कसं भागवायचं ते सांगतो. ब्राउझरमध्ये स्पेसबारनं पान एक पडदाभर खाली जातं, शिफ्ट धरून स्पेस दाबलं की वर. एक्सेलमध्ये पेज डाउन, आणि उजवीकडे जायला ऑल्ट धरून पेज डाउन.

आणि एक कळकळीचं. बिघडलेल्या चाकानं ऑनलाइन फॉर्म भरू नका. काही फॉर्मांत आकड्याच्या चौकटीत कर्सर असताना चाक फिरलं की पान सरकत नाही, आकडा बदलतो. आमच्या केंद्रात एका शेतकऱ्याच्या फॉर्ममध्ये क्षेत्र ४० आर लिहिलं आणि पान खाली न्यायला चाक फिरवलं, तर तिथे ३८ झालेलं. प्रिंट काढायच्या आधी त्यांच्याच मुलीनं बघितलं म्हणून वाचलो. तेव्हापासून आकडा भरला की आधी बाजूच्या रिकाम्या जागेत क्लिक करायचं, मगच चाकाला हात लावायचा, असा नियम मी सगळ्यांना घातलाय. ड्रॉपडाउनमध्येही असंच होऊ शकतं, तालुका निवडलेला असतो आणि चाकानं शेजारचा तालुका येतो.

गोदाकाठ

हे वाचून अंगावर काटा आला. काल भरलेल्या सगळ्या नोंदी आज परत ताडून बघितल्या. ठीक आहेत.

आज रविवार, माउस उघडला. कसा उघडला ते लिहिते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

खाली एकही स्क्रू दिसत नव्हता. तळाला ज्या गुळगुळीत पट्ट्या असतात, ज्यांच्यावर माउस घसरतो, त्यांच्याखाली दोन निघाले आणि सेलच्या खोबणीतल्या स्टिकरखाली एक. पट्ट्या हेअर ड्रायरनं किंचित गरम करून नखानं उचलल्या, म्हणजे गोंद शाबूत राहतो. वरचं कवच पुढून दोन खाचांत अडकलेलं असतं, ते ओढायचं नाही, मागून उचलून पुढे सरकवायचं.

आत बघितलं आणि थक्क झाले. चाकाच्या दोन्ही बाजूंना राखाडी लोकरीसारखी गुंडाळी बसली होती. आमच्याकडे रस्त्याचं काम चालू आहे, खिडकी उघडी राहिली की संध्याकाळी टेबलावर बोटानं नाव लिहिता येतं. ती सगळी धूळ, आणि तिला बांधून ठेवणारा एक लांब केस. माझाच. आसाभोवती इतका घट्ट गुंडाळला होता की सुईनं एकेक वेढा सोडवायला पंधरा मिनिटं गेली. सोडवून ताणला तर कोपरापर्यंत आला.

एका बाजूला पत्र्याची डबी आहे, म्हणजे घासणारा प्रकार. चाक उचलून बाजूला काढलं, षटकोनी भोकात क्लीनरचा एक छोटा फवारा मारला, चाक परत बसवून दोन्हीकडे शंभर-शंभर वेळा फिरवलं. भोकातून काळपट पाणी आलं, ते कापसानं टिपलं. परत एकदा तेच. मग अर्धा तास पंख्याखाली.

आत्ताचा आकडा: वीसपैकी वीस!

सातपूर_शिफ्ट

वा, ताई. तरी आठवडाभर रोज एकदा मोजत राहा.

गोदाकाठ

मोजत होते. सोमवार २०, मंगळवार २०, बुधवार १९, आज १७ आणि त्यात दोन उलट्या. परत क्लीनर मारला, २० झाले, पण संध्याकाळपर्यंत १८. वाईट वाटलं.

तारतंत्री

म्हणजे झीज आहे. पट्ट्यांवरचा मुलामा गेला की साफसफाई तात्पुरती टिकते. तुम्ही चुकला नाहीत, साफ केल्याशिवाय हे कळलंही नसतं. डबीचा पत्रा वाकवून आत घासण्याचा उपाय लोक करतात, पण ती बारीक स्प्रिंग एकदा उडाली की सापडत नाही. सरळ डबी बदला.

नवी घेताना जुनी काढून सोबत न्या. दिसायला सगळ्या सारख्या, पण उंची वेगळी असते, ७, ९, ११ मिलिमीटर अशा. उंची चुकली की चाक कवचाला घासतं किंवा दाबलं जात नाही. तीन पाय संदेशाचे आणि बाजूचे नुसते आधाराचे, सगळं शिसं पंपानं ओढून घेतल्याशिवाय डबी उपटू नका, बोर्डावरची तांब्याची पट्टी निघून येते. सोल्डरिंग येत नसेल तर एम. जी. रोडला मोबाइल दुरुस्त करणारा कुणीही दहा मिनिटांत करेल. फक्त बोर्ड द्या, अख्खा माउस उघडायला देऊ नका, तुमचा हात आता बसलाय.

गोदाकाठ

शनिवारी एम. जी. रोडला जाऊन आले. पहिल्या दोन दुकानांत 'हे कोण बदलतं, नवा घ्या' असंच ऐकलं. तिसऱ्या दुकानातल्या मुलानं बोर्ड हातात घेतला, भिंग लावून बघितलं, आणि काही न बोलता खणातून एक भंगार माउसचा बोर्ड काढला. त्यावरची डबी माझ्या डबीशेजारी उभी करून दोन्ही नखांनी उंची मापली. जुळली. जुनी काढताना तो इतक्या सावकाश शिसं ओढत होता की मीच श्वास धरून उभी होते. पैसे फक्त मजुरीचे घेतले.

घरी येऊन जोडला. वीसपैकी वीस. आज आठवा दिवस, अजून वीस. चाकाची टिचकी पहिल्यापेक्षा जरा कडक लागते, पण त्याची सवय झाली.

देवळाली_कॅम्प

सगळा धागा वाचून मीही उघडलाय. माझ्यात चाकाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठोकळे आहेत, एक पारदर्शक आणि एक काळा. चाक फिरवलं तर काहीच होत नाही, उलटंही नाही. याला क्लीनर मारायचा का?

तारतंत्री

नको. तुमचा प्रकाशाचा आहे. चाक काढा, आरे मोजायला बसल्यासारखे एकेक बघा, आणि दोन्ही ठोकळ्यांचे समोरासमोरचे चेहरे कोरड्या मऊ ब्रशनं झाडा.

देवळाली_कॅम्प

आऱ्यांत कुत्र्याच्या केसांचा बोळा होता. काढला. चालू झालं.